घरगुती मायकार्टा (सुरीची मूठ)

घरगुती मायकार्टा हा कापडाचे अथवा कागदाचे अनेक थर कृत्रिम राळेत, म्हणजेच रेझिनमध्ये, भिजवून, एकावर एक रचून आणि दाबाखाली घट्ट करून घरच्या घरी बनवलेला संमिश्र पदार्थ होय. त्याचा प्रमुख उपयोग सुरी, चाकू, पटाशी यांसारख्या हत्यारांच्या मुठींसाठी केला जातो. कारखान्यात तयार होणाऱ्या मूळ मायकार्टासाठी उष्णता व प्रचंड दाब यांची गरज असते. घरगुती प्रकारात मात्र सामान्य तापमानाला घट्ट होणारे इपॉक्सी किंवा पॉलिएस्टर रेझिन वापरतात. त्यामुळे जुनी जीन्स, मांजरपाट, गोणपाट किंवा जाड कागद एवढ्या साहित्यातूनही टिकाऊ लादी तयार होऊ शकते. या लादीला करवत, कानस आणि पॉलिश पेपर या साध्या अवजारांनी मुठीचा आकार देता येतो. आकार देताना लादीतील थर तिरकस कापले जातात आणि नकाशावरील समोच्च रेषांसारखी नक्षी उमटते. ही नक्षी शोभेची असतेच, शिवाय मुठीच्या दोन्ही बाजू सारख्या उतरल्या आहेत की नाही, हे तपासण्याचे ते एक साधनही आहे.

नाव

'मायकार्टा' हे मूलतः एका व्यापारी उत्पादनाचे नाव आहे. कालांतराने हत्यारे घडवणाऱ्यांच्या बोलण्यात कापड व रेझिन यांच्या कोणत्याही थरयुक्त लादीला हेच नाव पडले. काटेकोरपणे पाहता घरी बनवलेली लादी म्हणजे मायकार्टा नव्हे. मूळ मायकार्टामध्ये परंपरेने फिनॉलिक रेझिन असते, तर घरगुती लादीत बहुधा इपॉक्सी असते. हा फरक लक्षात घेऊनच या पदार्थाला 'घरगुती मायकार्टा' असे म्हटले जाते.

इतिहास

बेल्जियममध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलँड (१८६३–१९४४) यांनी १९०७ मध्ये अमेरिकेत फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांच्यापासून बॅकेलाइट हे प्लॅस्टिक बनवण्याची पद्धत शोधली. एकदा घट्ट झाल्यावर उष्णतेने पुन्हा न वितळणे हा या प्लॅस्टिकचा विशेष गुण होता. अशा प्लॅस्टिकांना उष्मादृढ प्लॅस्टिके म्हणतात. सुमारे १९१० मध्ये वेस्टिंगहाउस या अमेरिकन विद्युत कंपनीने या रेझिनमध्ये कागद व कापड भिजवून थरयुक्त पत्रे तयार केले. तेच मायकार्टा होय. विजेला अडवणारा, हलका आणि यंत्रावर कापता येणारा हा पदार्थ सुरुवातीला विद्युत निरोधक म्हणून वापरला गेला. पुढे त्यापासून दातेरी चाके, धारवे आणि विमानांचे पंखेही बनू लागले.

याच कंपनीत काम केलेले डॅनियल ओ'कॉनर व हर्बर्ट फेबर यांनी १९१३ मध्ये फॉर्मायका कंपनी स्थापन केली. विद्युत निरोधनात अभ्रकाऐवजी, म्हणजे मायकाऐवजी, वापरायचा पदार्थ या अर्थाने ते नाव घेतले गेले. मराठी घरांत टेबलावर आणि कपाटांवर दिसणारा सनमायका याच कुळातील आहे. त्याच्या गाभ्यात फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवलेला जाड तपकिरी कागद असतो, तर वरच्या नक्षीदार कागदाला मेलॅमिन रेझिनचे संरक्षण असते. इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील हिरव्या सर्किट पट्ट्यांचा गाभाही काचेच्या धाग्यांचे कापड आणि इपॉक्सी यांच्या थरांचा असतो.

मुठींसाठी पूर्वी लाकडाखेरीज हस्तिदंत, शिंग व हाड वापरले जाई. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आणि भारताने सांबराच्या शिंगांच्या व्यापारावर बंदी घातली. त्यानंतर पर्यायी पदार्थांना अधिक महत्त्व आले. हस्तिदंतासारखा फिकट दिसणारा कागदी मायकार्टा हा त्यांपैकीच एक होय.

रचना व गुणधर्म

संमिश्र पदार्थात दोन घटक एकमेकांची उणीव भरून काढतात. कापडाचे धागे ताण सोसतात, पण दाबले की दुमडतात. रेझिन दाब सोसते, पण एकटे असता ठिसूळ असते आणि आघाताने तडकते. धाग्यांभोवती रेझिन भरले की तडा एका थराकडून दुसऱ्या थराकडे सहजासहजी जात नाही.

अशा लादीची ताकद सर्व दिशांनी सारखी नसते. थरांना समांतर दिशेने ती भक्कम असते. एक थर दुसऱ्यापासून सोलून काढू पाहणाऱ्या बलापुढे मात्र ती दुबळी ठरते, कारण तेथे धागे आडवे येत नाहीत आणि केवळ रेझिनची पकडच कामी येते. आकार देण्याच्या जवळजवळ सर्व नियमांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

दुसरा महत्त्वाचा गुण उष्णतेचा आहे. सामान्य तापमानाला घट्ट झालेली बहुतेक इपॉक्सी रेझिने साधारण ५० ते ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडू लागतात. ती वितळत नाहीत, पण त्यांचा ताठपणा कमी होतो. वेगाने फिरणाऱ्या ग्राइंडरखाली हे तापमान काही क्षणांत गाठले जाते. मग पृष्ठभाग चिकट होतो, करपतो आणि धूर निघतो. हाताने चालवलेल्या कानशीमुळे एवढी उष्णता निर्माण होत नाही. म्हणून यंत्राच्या तुलनेत संथ असलेली हातअवजारे या पदार्थाला मानवतात.

लादी तयार करणे

मुठीचा दर्जा बराचसा लादीवरच ठरतो. त्यामुळे तिच्या घडणीतील मुख्य बाबी जाणून घेणे आवश्यक आहे.

कापड स्वच्छ धुतलेले, पूर्ण वाळलेले आणि शक्यतो सुती असावे. जीन्सच्या कापडामुळे ठळक रेषा मिळतात. मांजरपाटामुळे बारीक आणि संयत पोत येतो. गोणपाटाची वीण सैल असल्याने तो रेझिन अधिक पितो आणि त्याची नक्षी मोठी दिसते. रेझिनमध्ये भिजल्यावर प्रत्येक रंग गडद होतो आणि पांढरे कापड किंचित पारदर्शक होते. रंगांची निवड करताना हे ध्यानात ठेवावे लागते.

पट्ट्या अंतिम मापापेक्षा प्रत्येक बाजूने दीड-दोन सेंटीमीटर मोठ्या कापतात. किती थर लागतील हे ठरवण्यासाठी दहा कोरड्या पट्ट्या एकत्र दाबून त्यांची जाडी मोजावी आणि त्यावरून हिशेब करावा. मुठीच्या एका बाजूसाठी ८ ते १० मिलिमीटर जाडीची लादी पुरते.

इपॉक्सी व हार्डनर यांचे प्रमाण उत्पादकाने दिलेले असते आणि ते वजनाने आहे की आकारमानाने, हे नीट पाहून घ्यावे लागते. लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर वाढवणे चुकीचे आहे. त्यामुळे अभिक्रिया अपुरी राहते आणि लादी कायमची मऊ राहू शकते. पाच मिनिटांत घट्ट होणारे चिकटवण्याचे इपॉक्सी या कामाला चालत नाही. ते दाट असल्याने धाग्यांत शिरत नाही आणि सर्व थर रचून होण्याआधीच आवळते. पातळ आणि किमान अर्धा तास काम करू देणारे रेझिन योग्य ठरते.

प्रत्येक पट्टी दोन्ही बाजूंनी पूर्ण भिजवून थर रचतात. खाली-वर सपाट फळ्या ठेवून त्यांना पॉलिथिनचा कागद गुंडाळतात, कारण पॉलिथिनला इपॉक्सी चिकटत नाही. मग सी-क्लॅम्पने हळूहळू दाब देतात. कडांतून रेझिनबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर पडतात. दाब अती झाला तर थरांमधले आवश्यक रेझिनही निघून जाते आणि लादी कोरडी पडते. हे टाळण्यासाठी फळ्यांच्या दोन्ही टोकांना अपेक्षित जाडीचे ठोकळे ठेवावेत, म्हणजे त्याहून अधिक दाब बसत नाही.

लादी साधारण एका दिवसात हाताळण्याजोगी होते, पण रेझिन पूर्ण पक्व होण्यास सामान्य तापमानाला सुमारे आठवडा लागतो. थंडीत हा काळ वाढतो. कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात दोन अडचणी येतात. सुती कापड हवेतील ओलावा शोषते, तसेच काही हार्डनरांमुळे घट्ट झालेल्या पृष्ठभागावर मेणासारखा चिकट थर येतो. पहिल्यासाठी कापड उन्हात वा पंख्याखाली पूर्ण वाळवून घेतात. दुसरा थर साबणाच्या पाण्याने धुऊन निघतो. तो न धुता वर काही चिकटवल्यास सांधा टिकत नाही.

अवजारे

आकार देण्यासाठी पुढील अवजारे पुरेशी होतात.

• लोखंड कापण्याची करवत: इंचाला १८ दाते असलेले पाते सोयीचे असते. फार बारीक दात्यांत भुसा अडकतो.
• कानस: एक सपाट आणि एक अर्धगोल. सुरुवातीला भरड आणि नंतर बारीक दात्यांची वापरतात.
• हातड्रिल: रिव्हेटच्या मापाच्या बिटसह.
• पॉलिश पेपर: ८०, १२०, २२० आणि ४०० क्रमांकांचे. शेवटचे दोन काळ्या वॉटर पेपरचे असावेत.
• एमरी कापडाची लांब पट्टी: गोलाईसाठी.
• जाड काचेचा सपाट तुकडा: लादीची बाजू समतल करण्यासाठी.
• बाक-शेगडा अथवा दोन-तीन सी-क्लॅम्प, गुण्या, पेन्सिल व मोजपट्टी.
• तारेचा ब्रश: कानशीच्या दात्यांत अडकलेला भुसा काढण्यासाठी. भरलेली कानस कापत नाही, नुसती घासते आणि पृष्ठभाग तापवते.

मूठ घडवण्याची पद्धत

येथे दिलेली पद्धत दोन पट्ट्यांच्या मुठीची आहे. या प्रकारात पात्याचे पोलाद मुठीच्या पूर्ण लांबी-रुंदीत आलेले असते आणि त्याच्या दोन्ही अंगांना लादीची एकेक पट्टी बसवतात. पात्याच्या या मागील भागाला या लेखात शेपूट म्हटले आहे. महाराष्ट्रातील पारंपरिक विळ्या-कोयत्यांची रचना निराळी असते. त्यांचे निमुळते शेपूट लाकडी मुठीत ठोकून वर लोखंडी शेंबी चढवतात.

लादीची तपासणी

प्रथम लादीच्या चारही कडांवरून सुमारे एक सेंटीमीटर भाग कापून टाकतात. कापलेल्या कडेवर आतील स्थिती स्पष्ट दिसते. थरांमध्ये काळी फट, पांढरट कोरडी रेघ किंवा बुडबुड्यांची रांग दिसली तर तो भाग मुठीसाठी वापरू नये. बोटाच्या पेराने ठोकून पाहिल्यास भरीव लादीचा आवाज खणखणीत येतो आणि थर सुटलेल्या जागी तो बद्द होतो. हातातून जोर लावायच्या वस्तूत असा दोष झाकून ठेवणे धोक्याचे असते. कारण मूठ सहसा जोर लावल्यावरच सुटते आणि त्या वेळी धार कोणत्या दिशेला असेल याचा नेम नसतो.

बाजू समतल करणे

शेपटाला चिकटणारी बाजू पूर्ण सपाट असावी लागते. काचेवर ८० क्रमांकाचा पॉलिश पेपर चिकटवून त्यावर पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवतात. आधी त्या बाजूवर पेन्सिलीने जाळी आखून ठेवली तर खोलगट जागी रेघा शिल्लक राहतात आणि कोठे घासायचे बाकी आहे ते कळते. मग पट्टी पोलादावर ठेवून प्रकाशासमोर धरावी. मधून उजेड दिसता कामा नये. ही बाजू गुळगुळीत करत नाहीत, कारण खरखरीत पृष्ठभागाला गोंदाची पकड चांगली बसते.

कापणे व भोके पाडणे

शेपटाचा आकार पट्टीवर आखून रेषेच्या दीड-दोन मिलिमीटर बाहेरून करवतीने कापतात. लादीखाली टाकाऊ लाकडाची फळी घट्ट बसवणे महत्त्वाचे असते. करवतीचे दाते किंवा ड्रिलचे टोक खालच्या बाजूने बाहेर पडताना शेवटच्या थराला मागून आधार नसेल तर तो थर सोलून निघतो. वक्र भागात बाहेरून रेषेपर्यंत अनेक लहान काप घेतले की मधले तुकडे आपोआप सुटतात आणि पाते अडकत नाही.

भोकांसाठी पोलादाचे शेपूट हाच साचा म्हणून वापरतात. पट्टी शेपटावर आवळून पहिले भोक पाडतात, त्यात तात्पुरती पितळी सळई घालतात आणि मगच दुसरे भोक पाडतात. त्यामुळे पट्टी हलून भोके चुकण्याचा प्रश्न उरत नाही. दुसऱ्या बाजूची पट्टीही याच रीतीने घेतात. ड्रिल हळू चालवावे आणि अधूनमधून बाहेर काढून भुसा झटकावा.

पुढचे टोक

पात्याच्या बाजूचे मुठीचे टोक चिकटवण्यापूर्वीच पूर्ण करावे लागते. एकदा पट्ट्या चिकटल्या की तेथे कानस चालवताना पात्यावर ओरखडे पडल्याशिवाय राहत नाहीत. दोन्ही पट्ट्या सळयांनी एकत्र जोडून त्यांची टोके एकदमच घासतात आणि ४०० क्रमांकापर्यंत गुळगुळीत करतात. त्यामुळे दोन्ही टोके सारखी उतरतात. हा क्रम चुकला तर तो दोष पुढे सुधारता येत नाही.

चिकटवणे

पाते चिकटपट्टीने पूर्ण गुंडाळून धार झाकतात. पोलाद व पट्ट्या खरखरीत करून स्पिरिट वा ॲसिटोनने पुसतात आणि वाळू देतात. इपॉक्सी लावून सळया बसवल्यावर क्लॅम्प बेताने आवळतात. जास्त आवळल्यास सगळा गोंद बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो. पुढच्या टोकातून बाहेर आलेला गोंद ओला असतानाच स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसून घेतात. सांधा केवळ गोंदावर सोडत नाहीत. सळया पट्ट्यांना बाजूला सरकू देत नाहीत. सळईची टोके ठोकून पसरवून तिचे रिव्हेट केले, तर ते पट्टी सोलली जाण्यालाही अटकाव करते.

बाह्याकार

गोंद पक्व झाल्यावर सपाट कानशीने बाहेरचा वाढीव भाग पोलाद लागेपर्यंत उतरवतात. कानशीचा जोर नेहमी बाहेरच्या थराकडून आत, पोलादाकडे असावा. आतून बाहेर ढकलणारी कानस कडेचा थर उचलते. म्हणून एका बाजूने अर्धे काम करून मूठ उलटतात आणि उरलेले काम दुसऱ्या बाजूने आत येत पूर्ण करतात. कानस पुढे जाताना कापते. मागे घेताना ती उचलून घ्यावी.

गोलाई

चौकोनी छेदाची मूठ एकदम गोल करू पाहिल्यास दोन्ही बाजू हमखास असमान होतात. त्याऐवजी कोपरे टप्प्याटप्प्याने मारतात. प्रत्येक कडेपासून समान अंतरावर पेन्सिलीने रेघ आखून ४५ अंशांचा सपाट उतार काढतात. आता चौकोनाचा अष्टकोन झालेला असतो. मग प्रत्येक नवा कोपरा पुन्हा मारून सोळा बाजू करतात. त्यानंतर उरलेले बारीक कंगोरे एमरी कापडाच्या पट्टीने जातात. मूठ शेगड्यात धरून, बूट पॉलिश करताना कापड ओढतात त्याप्रमाणे ही पट्टी दोन्ही हातांनी पुढे-मागे ओढतात. सपाट उतारांची रुंदी डोळ्यांना सहज मोजता येते, गोलाई मात्र मोजता येत नाही. म्हणून हा मार्ग लांबचा वाटला तरी नवशिक्यासाठी तोच खात्रीचा आहे.

मुठीचा छेद पूर्ण गोल न ठेवता लंबगोल ठेवतात. गोल मूठ हातात फिरते, तर लंबगोल मुठीमुळे धार कोणत्या दिशेला आहे हे न पाहताही तळहाताला कळते. स्वयंपाकाच्या सुरीसाठी साधारण १० ते १२ सेंटीमीटर लांबी आणि १८ ते २२ मिलिमीटर एकूण जाडी बहुतेक हातांना सोयीची पडते. मधल्या भागात किंचित फुगवटा ठेवल्याने पकड भरते. पुढच्या टोकाखाली लहानसा उंचवटा ठेवला तर ओला हात धारेकडे सरकत नाही. काम करताना मूठ वारंवार हातात घेऊन पाहणे हीच शेवटची कसोटी असते. जेथे टोचते तेथे अजून काढायचे आहे असे समजावे.

अखेरचा हात

८० व १२० क्रमांकांच्या पेपरने कानशीचे ओरखडे काढल्यावर २२० पासून पुढे पाण्याने ओला केलेला वॉटर पेपर वापरतात. प्रत्येक टप्प्यात आधीच्या क्रमांकाचे सगळे ओरखडे गेले आहेत ना, हे तिरप्या उजेडात पाहूनच पुढे जातात. अन्यथा ते शेवटी ठळक दिसतात. आरशासारखी झिलई आणणे शक्य असते, परंतु ओल्या वा तेलकट हातांत अशी मूठ निसटते. कामाच्या सुरीसाठी २२० ते ४०० या दरम्यान थांबणे अधिक योग्य होय. शेवटी खनिज तेलाचा हलका हात दिल्यास रंग उठून दिसतो.

थरांची नक्षी

मुठीवर उमटणारी नक्षी ही लादीच्या आत दडलेल्या सपाट थरांना वक्र पृष्ठभागाने कापल्याचा परिणाम असतो. शालेय भूगोलातील समोच्च रेषांचा नियम येथे जसाच्या तसा लागू पडतो. टेकडीचा उतार मंद असेल तेथे रेषा दूर-दूर असतात आणि चढ तीव्र असेल तेथे त्या जवळ येतात. मुठीवरही प्रत्येक थर म्हणजे एक समान उंची असते. थराची जाडी ०.५ मिलिमीटर धरल्यास थराशी ३० अंशांचा कोन करणाऱ्या उतारावर त्याचा पट्टा १ मिलिमीटर रुंद दिसतो, १० अंशांच्या उतारावर जवळजवळ ३ मिलिमीटर, तर उभ्या कडेवर अवघा ०.५ मिलिमीटर. थरांना समांतर सपाट ठेवलेल्या भागावर एकच थर दिसतो आणि तेथे नक्षी नसते.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. पहिली म्हणजे नक्षी हवी असेल तर मुठीला खरी गोलाई द्यावी लागते, सपाट मुठीवर रंगीत थर वाया जातात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. दोन्ही पट्ट्यांमध्ये रंगीत थरांचा क्रम पोलादापासून बाहेरपर्यंत सारखा ठेवला असेल, तर दोन्ही बाजूंवरील कड्या सारख्याच आकाराच्या दिसायला हव्यात. एका बाजूची कडी पुढे सरकलेली दिसली तर तेथे कानस जास्त चालली आहे. कडी वाकडीतिकडी झाली तर पृष्ठभागावर उंचसखलपणा आहे. बोटांना न जाणवणारा अर्ध्या मिलिमीटरचा फरकही रंगाच्या पट्ट्यात स्पष्ट दिसतो. लाकडात ही सोय मिळत नाही. म्हणूनच लादी रचताना दर चार-पाच थरांनंतर वेगळ्या रंगाचा एक थर घालण्याची पद्धत नवशिक्यांना उपयोगी पडते.

आरोग्यविषयक काळजी

घरी केल्या जाणाऱ्या या कामात धारेपेक्षा धुळीचा आणि ओल्या रेझिनचा धोका अधिक दुर्लक्षिला जातो.

इपॉक्सी रेझिन व हार्डनर त्वचेला लागत राहिल्यास ॲलर्जी निर्माण होऊ शकते. एकदा ती झाली की पुढे अल्प संपर्कानेही पुरळ, खाज व सूज येते आणि ही संवेदनशीलता बहुधा आयुष्यभर राहते. म्हणून नायट्राइलचे हातमोजे वापरावेत. त्वचेला लागलेले रेझिन ॲसिटोनने पुसू नये, कारण द्रावकामुळे ते पसरते आणि त्वचेचे संरक्षणही कमी होते. साबण व पाणी वापरावे.

अर्धवट पक्व लादी घासल्यास तिच्या धुळीतही अभिक्रिया न झालेले रसायन असते. एका दिवसात लादी कठीण वाटली तरी आठवडाभर थांबण्याचे हेही एक कारण आहे. पूर्ण पक्व लादीची बारीक धूळही श्वासावाटे जाऊ देणे योग्य नाही. साध्या रुमालाने ती अडत नाही, त्यासाठी एन-९५ दर्जाचा मुखपट आवश्यक असतो. पाणी लावून घासल्यास धूळ उडत नाही. खाली पडलेली धूळ केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी. हे काम स्वयंपाकघरात किंवा लहान मुलांच्या वावराच्या जागी करू नये.

पॉलिएस्टर रेझिन वापरल्यास आणखी दक्षता घ्यावी लागते. त्यातील स्टायरीनची वाफ उग्र असते. त्याला घट्ट करणारे पेरॉक्साइड डोळ्यांत गेल्यास दृष्टीला गंभीर इजा होऊ शकते, त्यामुळे संरक्षक चष्मा अनिवार्य ठरतो. हे पेरॉक्साइड व कोबाल्टयुक्त प्रवेगक एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, कारण त्यांची अभिक्रिया स्फोटक होऊ शकते.

उरलेले इपॉक्सी खोल भांड्यात साठवून ठेवल्यास घट्ट होताना ते फार तापते आणि धूर निघू शकतो. ते उथळ ताटलीत पसरून घट्ट होऊ द्यावे.

सामान्य दोष व त्यांची कारणे

• लादी मऊ राहणे: प्रमाण चुकणे, नीट न ढवळणे किंवा कमी तापमान. तापमान हेच कारण असल्यास उबदार जागी ठेवल्याने सुधारणा होते. प्रमाण चुकले असल्यास उपाय नसतो.
• बारीक छिद्रे: अडकलेली हवा. पातळ सायनोॲक्रिलेट गोंद भरून पुन्हा घासल्यास ती बुजतात. हा गोंद सुती कापडाने पुसू नये. सुतावर तो झपाट्याने घट्ट होतो आणि चटका बसण्याइतका तापतो.
• कडेचा थर सोलणे: आधाराविना कापणे किंवा कानस उलट्या दिशेने चालवणे.
• पोलाद व पट्टी यांत फट: बाजू समतल नसणे. ही फट पाणी धरते आणि पोलाद आतून गंजू लागते.
• पृष्ठभागावर लव उठणे: कोरडे राहिलेले धागे. त्यावर पातळ रेझिनचा एक हात देऊन, पक्व झाल्यावर पुन्हा घासतात.

इतर साहित्याशी तुलना

बाभूळ, शिसव यांसारखी लाकडे स्पर्शाला उबदार असतात, सहज मिळतात आणि त्यांची धूळ वगळता अन्य रसायनांचा संबंध येत नाही. मात्र पावसाळ्यात लाकूड फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे मूठ सैल होते किंवा तडकते. चांगला मुरलेला मायकार्टा यांपुढे स्थिर असतो. काचेचे धागे व इपॉक्सी यांचा पत्रा अधिक बळकट असतो, पण तो कानशीचे दाते लवकर बोथट करतो आणि त्याची धूळ त्वचा व घसा यांना टोचते. म्हणून साध्या अवजारांनी शिकणाऱ्यासाठी सुती कापडाची लादी अधिक सोयीची मानली जाते.

मर्यादा

घरगुती लादीचा दर्जा प्रत्येक वेळी सारखा येत नाही आणि तिची ताकद कारखान्यातील लादीइतकी गृहीत धरता येत नाही. उष्णतेला ती कमी टिकते. अशा मुठीची सुरी उकळत्या पाण्यात, भांडी धुण्याच्या यंत्रात किंवा गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नये. ती हाताने धुऊन लगेच पुसावी. जोरात घाव घालायच्या कोयत्यासारख्या हत्यारांसाठी पहिल्या प्रयत्नातील लादी वापरणे योग्य नाही. लहान सुरी, पटाशी किंवा कानशीची मूठ यांपासून सुरुवात केल्यास लादीतील दोष कमी धोक्यात ओळखता येतात.

हेही पाहा

• संमिश्र पदार्थ
• बॅकेलाइट
• इपॉक्सी रेझिन
• कानस
• समोच्च रेषा